ओव्याच्या पुरचुंडीचा गुण

सरकारी कागदावर धर्मपाल तायडे हे बत्तीस वर्षं ‘औषध निर्माण अधिकारी’ होते. या बत्तीस वर्षांत त्यांनी एकही औषध निर्माण केलं नाही. तिवसा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी आलेलं औषध वाटलं आणि न आलेल्या औषधाबद्दल शिव्या खाल्ल्या. गाव त्यांना कंपाउंडर म्हणे. रोगी बरा झाला की संत्र्यांची टोपली डॉक्टरांच्या क्वार्टरवर जाई. बरा झाला नाही की नातेवाईक खिडकीशी येत. “कंपाउंडरसायेब, गोया बदलल्या तर नाई ना जी?”

अशा माणसाच्या हाताला गुण आहे हा शोध साठी उलटल्यावर, अमरावतीत राजापेठेच्या घरी लागला. शोध लावला त्यांच्या मुलीनं. आणि तो खोटा आहे हे ठाऊक असलेला मोठा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे स्वतः धर्मपालजी.

मुलगी पौर्णिमा. ती अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवते. जावई गजेंद्र तिथंच कृषी विद्यापीठात माती तपासतो. त्यांची रागिणी वीस महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. चौदा एप्रिलसाठी मायलेकी अमरावतीला आल्या आणि आदल्या दिवशी रागिणीचा कान दुखायला लागला.

पौर्णिमेचं शास्त्र पक्कं होतं. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. भावना सरोदे यांनी तिला सांगून ठेवलं होतं, की लहान मुलांचे बहुतेक कान दोन-तीन दिवसांत आपले आपण बरे होतात. दुखण्यावरचं औषध द्या, लक्ष ठेवा, ताप चढला किंवा कमी पडलं नाही तर लगेच घेऊन या. अँटिबायोटिक मात्र मला दाखवल्याशिवाय नाही.

ऐकायला हे ठीक होतं. पण लेकरू दोन तास रडत होतं. धर्मपालजींच्या पत्नी चतुराबाई यांनी तव्यावर ओवा भाजला, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधला आणि ती कोमट पुरचुंडी नवऱ्याच्या हातात दिली.

“धरा कानापाशी. येरझारा काहून घालून राहिले?”

धर्मपालजींनी धरली. पौर्णिमा आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी आणखी एक काम केलं. ओळखीच्या मेडिकलमधून गुपचूप आणलेली बाटली काढली, तळच्या कोरड्या पावडरीवर खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घातलं, हलवलं, आणि ते गुलाबी औषध नातीला चमचाभर पाजलं.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत रागिणी आबांच्या, म्हणजे धर्मपालजींच्या, खांद्यावर बसून ढोलाच्या तालावर हात नाचवत होती.

“बाबा, तुमच्या पुरचुंडीनं तं कमाल केली!” पौर्णिमा म्हणाली.

पुरचुंडी चतुराबाईंची होती. पण आपल्याकडे गुण हाताला असतो, फडक्याला नसतो. “मी काय केलं बाप्पा,” असं म्हणून धर्मपालजींनी मान खाली घातली. विनयानं घातली असं सगळ्यांना वाटलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा संत्र्यांची टोपली त्यांच्या दाराशी आली होती. ती त्यांनी परत पाठवली नाही, एवढंच.

त्यानंतर रागिणी अमरावतीला आली की तिचा कान कधी ना कधी दुखेच, आणि आबांनी हात लावला की दुसऱ्या दिवशी थांबे. पौर्णिमेनं पुरचुंडी धरलेल्या आबांचा व्हिडिओ काढला. तो आधी तिच्या शाळेतल्या बायांच्या ग्रुपवर गेला, तिथून कुठंकुठं गेला. राजापेठेत शेजारच्या बाया लेकरं घेऊन येऊ लागल्या. धर्मपालजी त्यांना नुसती पुरचुंडी धरत. परक्याच्या लेकराला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक पाजायचं नाही, एवढा कायदा त्यांना ठाऊक होता. गंमत म्हणजे ती लेकरंही बरी होत. याचा अर्थ काय होतो हे औषध निर्माण अधिकाऱ्याच्या ध्यानात यायला हरकत नव्हती. पण तोवर लोक त्यांना ‘डॉक्टरकाका’ म्हणू लागले होते, आणि डॉक्टरकाका म्हटलेला माणूस अर्थ काढत बसत नाही.

मग रागिणीचं पोट बिघडलं.

दिवसातून तीन-चारदा पातळ. पोट दुखतं म्हणून वाकून बसे. चार महिने झाले, तीन वर्षांची झाली, वजनाचा काटा अकरा किलोवर येऊन थांबला तो हलेना. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. तरी एकदा पाहावं म्हणून गहू बंद केला, मग दूध बंद केलं. वाढदिवसाच्या केकपुढे पोरगी मुरमुऱ्यांची वाटी घेऊन बसली होती. पौर्णिमेची सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, “माय दिवसभर शाळेत. लेकराच्या पोटात काय जाते, कोन पायते?” पौर्णिमेनं स्वयंपाकघरात पाणी गाळून, उकळून, झाकून ठेवायचं तेवढं वाढवलं.

त्याच सुमारास डॉ. सरोदे काही सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास करत होत्या. कानदुखीसाठी वारंवार अँटिबायोटिक घेतलेली मुलं एका यादीत, कधीच न घेतलेली दुसऱ्या यादीत. दोन्हीकडच्या मुलांची शी तपासायची आणि पोटात कोणकोणते जंतू नांदतात ते पाहायचं. दुसरी यादी काही भरेना. अकोल्यात अँटिबायोटिक न घेतलेलं मूल शोधणं म्हणजे मे महिन्यात गार वारा शोधणं. पौर्णिमेनं मोठ्या अभिमानानं रागिणीचं नाव दिलं. “एकदाही नाही, मॅडम. आमच्या बाबांची पुरचुंडी असते.”

मॅडमनी बाबांना भेटायची इच्छा दाखवली. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी धर्मपालजी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला निघाले. मांडीवर पिशवी, पिशवीत चतुराबाईंनी बांधून दिलेल्या बारा पुरचुंड्या. पौर्णिमेच्या मैत्रिणींनी मागितल्या होत्या. आख्खा डबा ओव्यानं दरवळत होता. समोरच्या माणसानं “भजे हायेत का?” म्हणून विचारलं.

घरी गजेंद्र कामावर निघायच्या तयारीत होता. त्यानं सासऱ्यांना चहा दिला आणि टेबलावरचा कागद पुढे सरकवला. रागिणीच्या तपासणीचा अहवाल होता.

“पाहा बाबा. पोटात जंतूंच्या जितक्या जाती पाहिजेत त्याच्या निम्म्याबी नाईत. जे उरले ते भलतेच माजले.” तो बूट घालत होता. “असा मातीचा नमुना माझ्यापाशी आला असता तं मी शेतकऱ्याले एकच गोष्ट इचारली असती. भाऊ, काय मारलं? तननाशक किती वेळा मारलं? पण अथी तं कोनं काईच मारलं नाई ना.”

चहा गरम होता. धर्मपालजींनी तो तसाच घोटला. जीभ भाजली ते बरंच झालं, बोलावं लागलं नाही.

खरं म्हणजे त्यांना कळायचं ते त्या क्षणी कळलं. आधीही कळत होतं. पण कळणं आणि मनावर घेणं या दोन वेगळ्या खिडक्या असतात आणि दुसरीवर ते नेहमी ‘साठा संपला’ अशी पाटी लावत. दवाखान्यापर्यंतच्या ऑटोत त्यांनी तीनदा घसा खाकरला. तिन्ही वेळा पौर्णिमेनं विचारलं, “बाबा, खिडकीपाशी बसता का? वारा लागते का?”

डॉ. सरोदे चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी उठून नमस्कार केला. धर्मपालजींना आयुष्यात कोणा डॉक्टरनं उठून नमस्कार केला नव्हता.

“बसा आजोबा. रागिणीच्या आईनं तुमचं फार सांगितलं. शेक किती वेळ देता?”

“पाच मिनिटं,” धर्मपालजी म्हणाले. “कोमट पाहिजे. गरम नाई.” हे खरं होतं म्हणून ते सलग बोलता आलं.

“छान. शेकानं आराम पडतो. त्यात काही चूक नाही.” मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला. “पण मला एक जुळत नाहीये. हिचा अहवाल ‘न घेतलेल्या’ मुलांसारखा दिसतच नाही. सहा-सात कोर्स झालेल्या मुलाचा वाटावा असा दिसतो. पौर्णिमाताई, परत एकदा विचारते. कधीच नाही ना?”

“मॅडम, मी आई आहे हिची. मला माहीत नसेल का?”

“तसं नाही हो. औषधाचं कारण असतं तर मी थांबले असते. ते नाही म्हटल्यावर दुसरं काही आतड्यात आहे का ते बघावं लागेल. वजन वाढत नाहीये, जास्त थांबता येणार नाही. नागपूरला स्कोपी करून घेऊ. तोंडातून आणि खालून, दोन्हीकडून नळी. लहान आहे, म्हणजे भूल द्यावी लागेल. गुरुवारची वेळ मिळते.”

पौर्णिमेनं मान डोलावली. तिची पर्स मांडीवर होती. ती पर्सची चेन उघडायला लागली, मग लावायला लागली. रागिणी खुर्चीखाली बसून स्वतःच्या चपलेचा पट्टा काढत होती. मॅडम वाकून तिच्याशी बोलल्या, सहज, मुलांशी बोलतात तसं.

“काय गं रागू, कान दुखला की आबा काय देतात?”

रागिणीनं आबांकडे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं आणि मान जोरजोरात हलवली.

“सांगायचं नाही?” मॅडम हसल्या. पौर्णिमाही हसली. “गुपित आहे वाटतं.”

रागिणी हसली नाही. आबांवर नजर ठेवून तिनं दुसऱ्या हाताचं बोटही ओठांवर आणून ठेवलं. एक बोट पुरणार नाही असं तिला वाटलं असावं.

हे बोट तिला धर्मपालजींनीच शिकवलं होतं. तिसऱ्या खेपेला पोरगी बोलायला लागली होती आणि “गुलाबी, गुलाबी” करत आईकडे धावणार होती. तेव्हा त्यांनी तिला कडेवर घेऊन हा खेळ शिकवला. आबाचं आणि रागूचं गुपित. कोनालेच नाई सांगाचं, आईलेबी नाई. तिनं ते वर्षभर सांभाळलं. पोट दुखून वाकत होती तेव्हाही सांभाळलं. सुया टोचून घेतल्या तेव्हाही. आणि आता तिला भूल देऊन नळ्या घालणार होते तरी ती दोन बोटं ओठांवर ठेवून आबांची अब्रू राखून होती. ती उद्या बोलली असती, कोणी बाहेरून पकडून दिलं असतं, तर धर्मपालजींनी कदाचित काही सारवासारवही केली असती. तेवढा सरकारी अनुभव होता. पण या पहाऱ्यापुढे त्यांना काही सुचेना.

“मॅडम,” ते म्हणाले, “मी देल्लं.”

“काय?”

“अँटिबायोटिक. गुलाबीवालं. सात वेळा.”

पर्सची चेन थांबली.

मॅडमनी कागद ओढला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. औषधाचं नाव, किती मिली, दिवसातून कितीदा, किती दिवस, असं त्या विचारत गेल्या आणि लिहीत गेल्या.

“तीन दिवस,” धर्मपालजी म्हणाले. “कान थांबला का बंद.”

“आणि उरलेलं?”

“फ्रिजात. लोनच्याच्या बरणीमागं.”

“किती दिवस?”

“पुढच्या येळेलोक.”

“पाणी घातल्यावर हे आठवडाभरात फेकून द्यायचं असतं, आजोबा.”

“हो,” धर्मपालजी म्हणाले. बत्तीस वर्षं जाळीतून हेच वाक्य त्यांनी हजारो आयांना सांगितलं होतं, काहींना दरडावून.

“तुम्ही नोकरीला कुठं होतात?”

“आरोग्य केंद्रात.” त्यांना थांबता आलं असतं. पण आता थांबण्यात राम नव्हता. “औषध निर्माण अधिकारी.”

“अच्छा,” मॅडम म्हणाल्या आणि तेही लिहून घेतलं.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “राजापेठेत दुसरी मुलं यायची ना तुमच्याकडे? त्यांना काय द्यायचात?”

“नुसती पुरचुंडी.”

“मग?”

“बरी झाली.”

“हिचा कानही बहुतेक तसाच बरा झाला असता.” एवढं बोलून त्या पौर्णिमेकडे वळल्या. “कधी कधी औषध लागतंच, मी स्वतः देते. पण कानातला जंतू मारायला जे पाजतो ते पोटातल्या सगळ्या वस्तीवरून फिरतं. आपण त्याला पत्ता सांगू शकत नाही. एवढ्या वेळा, त्यात अर्धंमुर्धं आणि शिळं. गुरुवारचं नागपूर मी थांबवते. एक तपासणी उद्याच करू, मग सहा आठवडे कुठलंही औषध नाही, दर आठवड्याला वजन. पोळी सुरू करा, मग हळूहळू दूध. बहुतेक मुलांत ही वस्ती परत बसते. किती बसेल हे मी आज सांगू शकत नाही. आणि आमच्या यादीतून हिचं नाव काढावं लागेल.”

पौर्णिमेनं मॅडमकडे पाहत वडिलांना विचारलं, “कधी कधी?”

“पहिल्या खेपेले चौदा एप्रिल,” धर्मपालजी म्हणाले. “मंग बुद्धपौर्णिमा. दिवाळीच्या सुट्टीत. संक्रांतीले. औंदाचा चौदा एप्रिल. उन्हाळ्यात तुमी आल्या तवा.” ते थांबले. “आन् धम्मचक्र दिनाले.”

“या? आत्ताच्या?”

“हो.”

“पोट बिघडलेलं होतं तिचं तेव्हा. चार महिने झाले होते.”

“कान दुखत होता, पोरी.”

“त्या दिवशी मी तुमचा फोटो टाकला होता,” पौर्णिमा म्हणाली. “खाली लिहिलं होतं, माझे बाबा.” ती घरातले सगळे सण एकेक करून परत तपासत असणार, असं धर्मपालजींना वाटलं. त्यातला एकही सण आता धड उरला नव्हता.

बाहेर बाकांवर सात-आठ बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या दुर्गाबाई नावाच्या एका आजींनी व्हिडिओतला चेहरा ओळखला आणि त्या पदर सावरत उठल्या. “डॉक्टरकाका! आमच्या नातवाचा कान पाहा ना जी. एक पुरचुंडी द्या.”

धर्मपालजींनी पौर्णिमेकडे पाहिलं. ती रागिणीला चप्पल घालत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबवला.

“बाई, माह्या हातात काई गुन नाई,” धर्मपालजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “मी लपून औषध पाजत होतो. नाव पुरचुंडीचं करत होतो. माही नात त्याच्यानंच बिमार पडली. आत मॅडम हायेत, त्यायले दाखवा.”

मग दुर्गाबाईंनी शेजारणीला कोपर मारलं. “पायलं? मोठ्या मानसाले गर्व नसते.” आणि त्यांनी हात पुढे केला तो तसाच ठेवला.

“नाई हो, खरंच सांगून राहिलो—”

“समजलं जी, समजलं. मॅडमच्या दारात कसं बोलता येईल तुमाले.”

धर्मपालजींनी पिशवी पाठीमागे धरली. आयुष्यभर ते खरं बोलले तेव्हा लोकांना गोळ्या बदलल्याचा संशय आला, आणि आता खोटं कबूल करत होते तर लोक त्यांना थोर ठरवत होते. त्यांना यातून सोडवायला पौर्णिमा पुढे झाली नाही. ती लेकीला उचलून पायऱ्या उतरून गेली.

ऑटोत तिनं रागिणीला दोघांच्या मध्ये बसवलं आणि स्वतः रस्त्याकडे तोंड केलं. सिग्नलला ऑटो थांबली तेव्हा रागिणीनं आबांचा सदरा ओढला. तिचे डोळे भरून आले होते आणि खालचा ओठ पुढे आला होता.

“आबा, तू सांगितलं.”

“हो, रागू.”

“कोनाले सांगाचं नोतं ना! आईलेबी नाई. मी सांगितलं का? मी नाई सांगितलं.”

“तू नाई सांगितलं,” धर्मपालजी म्हणाले. “मीच खोटा खेळ शिकवला तुले. गुपित नोतं ते. वाईट होतं.”

“काहून?”

सिग्नल सुटला, ऑटो निघाली. पौर्णिमा रस्त्याकडेच पाहत होती. पण तिनं वाऱ्यानं उडणारे केस कानामागे घेतले आणि हात तसाच कानामागे धरून ठेवला. ती ऐकत होती.

“तुहा कान दुखे ना,” धर्मपालजींनी सुरुवात केली. “तू रडे. मंग आबाले पायवत नोतं…”

ते थांबले. हे पहिल्या खेपेपुरतं खरं होतं. सहा खेपा अजून उरल्या होत्या आणि शेजारी त्यांची मुलगी बसली होती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

“तसं नाई, रागू,” ते म्हणाले. “तुही आई मले चांगलं म्हने. लोक चांगलं म्हनत. ते मले लय आवडे.”

रागिणीनं यावर थोडा विचार केला. आबांचा सदरा तिनं सोडला नव्हता.

“मंग?” ती म्हणाली.

“मंग काई नाई,” धर्मपालजी म्हणाले. “इतकंच होतं.”